‘चर्चा आहे’ म्हणणारे आमचे संपादक

ये, अशी जवळ सरक. लांबून बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की शेजारीण म्हणते, आक्का कुणाशी तरी भांडतायत. कागदावरून का होईना, पण जवळ बस. आणि आधी मला सांग, काल घरच्या ग्रुपवर ती बातमी कशाला टाकलीस? अमक्या कचेरीतल्या तमक्या साहेबांनी पाकीट घेतलं म्हणे. खाली लाल गोल काढलेला फोटो, आणि त्याखाली तुझा तो रागानं लाल झालेला चेहरा. तू पाहिलंस का पाकीट घेताना? तुझ्या मैत्रिणीनं पाहिलं? तिला कुणी पाठवलं? बघ, गप्प बसलीस. एवढी शिकलीस, अवसरीला इंजिनेर होणाऱ्या पोरांना शिकवतेस, आणि एवढं विचारायचं सुचलं नाही होय गं?

रागावत नाही मी. पण तो फोटो बघितला आणि मला आमचे संपादक आठवले. आठवले म्हणजे ते काही कुठं गेलेले नाहीत, या क्षणाला पुढच्या गाळ्यात बसून खोकतायत. पण समोरचा माणूससुद्धा कधीतरी नीट आठवून बघावा लागतो. नाहीतर तो रोजचा होऊन जातो, दारातल्या पायपुसण्यासारखा.

आपल्या बेल्ह्याच्या घराला रस्त्याच्या अंगानं गाळा आहे. आधी त्यात पिठाची गिरणी होती. गिरणी बंद पडली, आणि एका बाजाराच्या दिवशी डोक्यावर हेल्मेट घातलेला एक किडकिडीत माणूस दारात येऊन उभा राहिला. आसपास गाडी नव्हती. चालतच आला होता. हेल्मेटवर लाल रंगात लिहिलेलं, ‘प्रेस’.

“गाळा रिकामा असल्याचं समजतं,” म्हणाला.

मी म्हटलं, “समजतं कशाला? दिसतोय की.”

“नुसत्या दिसण्यावर आम्ही जात नाही, आक्का. सूत्रांकडून खात्री करून घ्यावी लागते.”

“मग घ्या करून. सूत्र मीच आहे.”

अशी आमची ओळख. गिरणीचं पीठ भिंतीतून अजून झडत होतं, त्यामुळं त्यांच्या पेपराचे पहिले अंक पांढरे होऊनच बाहेर पडले. पेपराचं नाव मी सांगत नाही. ते असं आहे की नुसतं वाचलं तरी तोंडातून ठिणग्या पडाव्यात. आणि उगाच त्यांची फुकटची जाहिरात मी का करू?

आल्या आल्या त्यांनी ‘प्रेस’ हा शब्द दिसेल तिथं रंगवायला घेतला. खटारा मोपेडवर पुढं आणि मागं. छत्रीवर. जेवणाच्या डब्यावर. एक दिवस बघते तर आमच्या पाण्याच्या टाकीवर! मी विचारलं, “हे काय?” तर म्हणाले, “ग्रामपंचायतीचा माणूस नळ तोडायला आला तर जरा विचार करेल.” अगं, आमची पाणीपट्टी भरलेली होती! दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन गोठ्यातल्या म्हशीकडं टक लावून बघत उभे राहिले, तेव्हा मात्र मी खराटा उचलला.

पण त्यांची खरी गंमत बोलण्यात. पेपरात लिहितात तसंच घरात बोलायचे. कुठलीही गोष्ट अंगावर घ्यायची नाही. आमच्याकडं जेवायला बसले की पहिला घास घेऊन थांबायचे.

“आक्का, आजच्या आमटीत मिठाचं प्रमाण वाढल्याचा आरोप आहे.”

“कोण करतंय आरोप?”

“नाव न सांगण्याच्या अटीवर एका जेवणाऱ्यानं.”

आणि पंगतीला हे एकटे! पोट बिघडलं की ‘पोटात गडबड सुरू असल्याची चर्चा आहे’. भर पावसात भिजून आले, हेल्मेटातून पाण्याची धार लागलेली, तरी दारात उभं राहून म्हणाले, “पूर्व भागात पावसाची शक्यता नाकारता येत नाही.” मी टॉवेल फेकून मारला. आपल्या घरातली सगळी त्यांची नक्कल करायला लागली. माझी सून एकदा मला म्हणाली, “आई, दुधाचं भांडं सांडल्याचं समजतं.” सांडलं होतं तिनंच.

साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याला निघायला हवं ना? हे जाहिरात आली की निघायचं. जाहिरात देणारा साहेब ‘कर्तव्यदक्ष’, न देणारा ‘वादग्रस्त’. एकच साहेब एका अंकात वादग्रस्त आणि पुढच्या अंकात कर्तव्यदक्ष झालेला मी स्वतः वाचलाय. मधल्या काळात त्याचा वाढदिवस होऊन गेलेला असायचा. एका अंकाला जाहिरातच मिळाली नाही तर ह्यांनी काय करावं? माझा फोटो छापला! डोक्यावर पदर, हातात कांद्याची पात, आणि वर ‘बेल्ह्याच्या भूषण आक्का यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’. माझा वाढदिवस मलाच माहीत नाही, ह्यांना कुठून कळला? दिवसभर लोक नारळ आणि शाल घेऊन येत होते. मी तरी काय करणार, चहा करत बसले.

लाच कशाला म्हणायचं, याचंही त्यांनी शास्त्र ठरवून ठेवलं होतं. बोटांवर मोजून सांगायचे. “पाकीट म्हणजे लाच. पिशवी म्हणजे संशय. आणि डबा म्हणजे प्रेम.” त्यांचा स्वतःचा कारभार सगळा डब्यावर. कुणी आंब्याचा रस पाठव, कुणी मटणाचा रस्सा. पैसा मात्र हातात घेतलेला मी पाहिला नाही. जाहिरात घ्यायचे, पण तिला ते पैसा मानायचेच नाहीत. जाहिरात म्हणजे ‘वाचकांची सेवा’.

आता वाटेल तुला, हा माणूस म्हणजे नुसता फुगा. तसंही नाही. लोक येत होते त्यांच्याकडं. एका बाईच्या नवऱ्यामागं तिचं नाव सातबाऱ्यावर लागत नव्हतं. रोज जायची, रोज ‘उद्या या’ ऐकून परत यायची. हे तिच्याबरोबर गेले, हेल्मेट घालून कचेरीत खिडकीसमोर उभे राहिले, खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडलं. बस्स. एक शब्द बोलले नाहीत. दुपारच्या चहाच्या आत नोंद झाली. नंतर घरी येऊन म्हणाले, “आक्का, एक पेन द्या हो. ह्याच्यात शाई नसल्याचं समजतं.”

तर असे आमचे संपादक. आता त्यांनी जो घोळ घातला तो ऐक.

आपल्याकडं उसात बिबट्या असतो, हे काही तुला नवीन नाही. शेळी गेली की सरकार भरपाई देतं. पण त्याला पंचनामा हवा, ढोराच्या डॉक्टरचा दाखला हवा, पळापळ हवी. ह्या पळापळीत एक एजंट शिरला होता. बुलेटवरून यायचा, गॉगल लावून मेलेल्या शेळीजवळ उभा राहायचा आणि म्हणायचा, “काळजी करू नका मावशी, मी बघतो. फक्त वर थोडं द्यावं लागतं.” वर म्हणजे कुठं, असं विचारलं तर आभाळाकडं बोट दाखवायचा. ते वरपर्यंत जात होतं की त्याच्याच खिशात राहत होतं, देवाला ठाऊक. पण तालुक्यातले सगळे साहेब खातात, अशी बोलवा मात्र त्याच्यामुळंच पसरली.

मग वनखात्यात एक नवी मुलगी आली. वनरक्षक. स्कूटीवरून वस्त्यांवर जायची, दगडावर बसून स्वतः पंचनामा लिहायची, कुठला कागद कुठं द्यायचा ते समजावून सांगायची. कुणाला एजंटाची गरजच उरली नाही. त्यात पोरगी पोटुशी. बैलगाडीच्या चाकोरीतून ती स्कूटी उडवत चालली की बघणाऱ्या बायांच्याच पोटात कळ यायची.

कालव्याच्या चाऱ्या ओलांडून पलीकडं जी वस्ती आहे ना, तिथल्या हौसाबाईची गाभण शेळी बिबट्यानं उचलली. ह्या मुलीनं सगळं केलं आणि हौसाबाईला भरपाई मिळाली. पुढं ही मुलगी त्या वस्तीवर पुन्हा गेली, रात्री शेरडं कुठं बांधायची ते सांगायला, तेव्हा हौसाबाईनं तिला अडवलं. सातव्या महिन्यातली पोर दारात आली, आणि तशीच कशी जाऊ द्यायची? सुना बोलावल्या, शेजारणी बोलावल्या. तांदूळ, खण, नारळ. आणि नारळावर एक नोट, कारण नुसता नारळ ओटीत कुणी घालतं का? मुलगी म्हणत होती, “मावशी, मला असं घेता येत नाही हो.” बाया म्हणाल्या, “सरकारला नगं सांगू.” ती हसली आणि तिनं पदर पसरला.

नेमका त्याच वेळी तो एजंट बांधावर उभा होता. त्यानं फोनवर फोटो काढला.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर काय बघते? ‘शेळी गरिबाची, पदर म्याडमचा! भरपाईच्या बदल्यात नोटांची ओंजळ असल्याची चर्चा, तालुक्यात खळबळ.’ फोटोत एक सुरकुतलेला हात, एक नोट, आणि खाकी वर्दीवर घेतलेल्या ओढणीचा पदर. बाकी काही नाही. आणि शेजारी अर्धं पान एजंटाचा वाढदिवस, गळ्यात हार, डोळ्यांवर गॉगल.

मी म्हटलं, “संपादक, हे खरं का?”

“चर्चा आहे, आक्का.”

तो फोटो तुमच्या त्या ग्रुपांवर गेला आणि इकडून तिकडं नुसता पळत सुटला. वरून चौकशी आली. साहेब वस्तीवर गेले, हौसाबाईला विचारलं, “तुम्ही ह्यांना पैसे दिलेत का?”

आता हौसाबाईनं काय सांगावं? ती मोठ्या अभिमानानं म्हणाली, “दिले की! न द्यायला काय झालं? माझ्या हातानं दिले.”

साहेबांनी लिहून घेतलं. अंगठा घेतला. मुलीला सांगितलं, चौकशी संपेपर्यंत घरी बसा. हौसाबाईनं खरं तेच सांगितलं होतं, आणि त्या खऱ्यानंच ती पोर बुडायला आली. ओटीतले पैसे ओटीत असतात, ते पैसे नसतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण चौकशीच्या कागदावर ‘ओटी’ला रकाना नव्हता.

बाजाराच्या दिवशी हौसाबाई काठी टेकत आमच्या दारात आली. संपादकांनी तिला लांबूनच येताना पाहिलं आणि मागच्या खोलीत कांद्यांच्या ढिगाआड जाऊन बसले. हेल्मेटसकट.

“त्यो पेपरवाला कुटं हाय?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “घरात नसल्याची चर्चा आहे.”

आतून शिंक आली. कांद्यात बसायची सवय नव्हती ना.

“भाईर ये,” हौसाबाई म्हणाली. तिचा आवाज बैलबाजारात वाढलेला, गुपचूप राहिलंच नाही काही. संपादक बाहेर आले.

“तूच का रं त्यो? माज्या ओटीला लाच म्हनलास?”

“तशी चर्चा होती, आजी.”

“कुटं झाली चर्चा? मी व्हते, माज्या सुना व्हत्या, ती पोरगी व्हती. म्हातारा बाजंवर बिडी वडत व्हता. तू न्हवतास. मंग चर्चा केली कुनी, शेरडांनी?”

मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला. संपादक म्हणाले, “सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार...”

“सूत्र-बित्र मला न्हाई कळत.” ती पायरीवर बसली. काठी बाजूला ठेवली. आणि आवाज एकदम खाली आला. “सातव्यात हाय रं ती. ज्या पोरीची वटी भरली तिच्याच नोकरीवर आली. आता तिला वाटंल, ह्या बाईच्या हातानं बाधलं. पोटातल्या जिवाला काय झालं तर? वटी भरून वाईट झालेलं आजवर कुनाचं ऐकलंयस का तू? माज्या हातानं व्हायचं व्हतं का?”

मी हसायची थांबले.

संपादकांनी हेल्मेट काढलं. इतक्या वर्षांत त्यांचं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. अगदी लहान डोकं होतं गं, कपाळाला पट्ट्याचा वळ. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मला एक फोटो दाखवला. तोच फोटो, पण अख्खा. हळदीकुंकवाचं ताट. अंगणात उभ्या बाया, एकीच्या कडेवर पोर. मागं बाजेवर म्हातारा, बिडी तोंडात. हौसाबाई नारळ घालतेय, आणि ती मुलगी, एक हात पोटावर ठेवून, हसतेय. आंधळ्यालाही कळावं की ओटी चाललीय.

“मग हा का नाही छापला?” मी विचारलं.

“जागा नव्हती, आक्का.”

“म्हणजे?”

“फोटो उभा होता. जाहिरात आडवी होती. कापावा लागला.”

“कापताना पाहिलं होतंत ना, काय कापताय ते?”

त्यांनी मान हलवली. पाहिलं होतं. ‘समजतं’ नाही, ‘चर्चा आहे’ नाही. नुसती मान हलवली.

तरी सवय लवकर जाते का? पुढच्या अंकात त्यांनी खुलासा छापला. काडेपेटीएवढा. बैलबाजाराच्या भावांच्या खाली, भिंग घेऊन शोधावा लागेल असा. हौसाबाई आली तेव्हा मी तिला वाचून दाखवला: ‘एका वृत्तासंदर्भात गैरसमज झाल्याचे समजते.’

“यवढंच?” ती म्हणाली.

“एवढंच.”

ती संपादकांकडं वळली. “बोलताना केवढं तोंड उघडलं व्हतंस? तेवढंच उघडून माघारी घे. आन् मला वाचता येत न्हाई. मला ऐकू येईल असं घे.”

आधी चौकशीच्या साहेबांना सगळं सांगून येतो, असं संपादकांनी तिला तिथंच कबूल केलं, आणि ते गावभर व्हायला कितीसा वेळ? त्याच दुपारी एजंट आला. बुलेट दारात उभी केली, गॉगल डोक्यावर चढवला, बाकड्यावर बसला. मी मुद्दाम तिथंच मिरच्यांची देठं खुडत बसले.

“राव, ऐकतोय ते खरं का? चौकशीत माझं नाव सांगणार म्हणे तुम्ही. पेपरवाला सूत्राचं नाव सांगतो व्हय? तुमच्याच धंद्याचं तत्त्व मोडताय.”

संपादकांनी मागच्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा कांद्यांत जाऊन बसणार.

“सूत्र कसलं,” ते म्हणाले, “तुम्ही समोर बसलाय.”

“पुढच्या वर्षी जाहिरात न्हाई मिळायची.”

“पुढच्या वर्षी तुमचा वाढदिवस होईलच की. केक खा.”

मी मिरच्यांवर डोळे ठेवले, नाहीतर टाळीच वाजवली असती.

ते खरंच गेले. चौकशीच्या साहेबांना अख्खा फोटो दिला, कुणी दिला ते सांगितलं, आपण कापला ते सांगितलं. येताना तोंड एवढंसं झालेलं. म्हणाले, “आक्का, साहेब विचारत होते, एवढं कळत होतं तर छापलं कशाला.”

पण हौसाबाईनं सांगितलेलं काम बाकी होतं. ते झालं बेल्ह्याच्या बैलबाजारात. अंक निघाला की संपादक एका टेम्पोला भोंगा बांधून ‘वाचा, वाचा’ करत बाजारात फिरायचे. त्या दिवशी तोच टेम्पो, तोच भोंगा. पुढं ड्रायव्हरशेजारी हौसाबाई, मागं हौद्यात हेल्मेट काखेत धरून संपादक, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी. बैल, व्यापारी, चहाच्या गाड्या, दोऱ्यांचे ढीग, गुलाल. टेम्पो बरोबर मधोमध उभा राहिला. संपादकांनी माईक घेतला, घसा साफ केला.

“तमाम बैलबाजारकर बंधूंनो, असं समजतं की...”

पुढच्या खिडकीतून काठी बाहेर आली आणि हौद्यावर खाडकन वाजली. “समजतं न्हाई! तू केलंस. केलं म्हन!”

लोक हसायला लागले. एक व्यापारी ओरडला, “म्हातारे, तू माईक घे!” संपादकांचे कान लाल झाले.

“मी केलं,” ते म्हणाले. “फॉरेस्टच्या म्याडमची बातमी मी छापली. ती खोटी आहे. त्या बायकांनी पोटुशा बाईची ओटी भरली होती. अख्खा फोटो माझ्याकडं होता. मी तो कापला. मी वस्तीवर गेलो नाही. मी कुणाला विचारलं नाही.”

कुणीतरी विचारलं, “मग आता जाहिरात कुणाची?” पुन्हा हशा. एका बैलानं मान हलवली, घंटा वाजल्या. पण तांबोळ्याच्या दुकानासमोर भाजी घेऊन उभ्या असलेल्या बायका मात्र हसल्या नाहीत. त्यातल्या एकीनं दुसरीला म्हटलेलं मी ऐकलं, “बघ, मी म्हनत व्हते ना, ते वटीचंच हाय.” तेवढ्यासाठीच तर भोंगा लावला होता.

चौकशीत काही निघालं नाही असं लिहून आलं. मुलगी कामावर परत आली. सगळं नीट झालं म्हणून मीही सुटकेचा निःश्वास टाकला. पेपर मात्र हडकला. एजंट गेला, आणि बाकीचे साहेबही बिचकले. जो माणूस स्वतःचंच खोटं भोंग्यावर सांगतो, तो आपलं काय काय सांगेल, असं त्यांना वाटलं असावं. आता तो पेपर एका कागदाचा निघतो. छापायच्या आधी हौसाबाईला वाचून दाखवावा लागतो, ती आमच्या पायरीवर बसून ऐकते आणि मध्येच विचारते, “ह्ये तू बघितलंस का?” नाही म्हणाले की ती बातमी जाते. काही अंकांत नुसते बाजारभाव आणि कुणाची तरी हरवलेली गाय एवढंच असतं. पण माणसं घेतात. गाय तरी खरी असते, असं म्हणतात.

इथंच संपवलं असतं तर किती गोड झालं असतं नाही? पण पुढचंही सांगते.

बाळंतपणानंतर त्या मुलीनं बदली मागून घेतली. जायच्या आधी ती हौसाबाईच्या वस्तीवर निरोप घ्यायला आली, मांडीवर तान्हं लेकरू. हौसाबाईनं ताट तयार ठेवलं होतं. लेकुरवाळी माहेरवाशीण निघाली म्हणजे ओटी हवीच. मुलगी उठली आणि दोन पावलं मागं सरकली. म्हणाली, “नको, मावशी. रागावू नका. आता मी कुणाकडचं पाणीसुद्धा घेत नाही.” हौसाबाई म्हणाली, “आता कोन फोटो काडतंय?” तर मुलगी म्हणाली, “कुणी नाही, मला माहीत आहे. तरी नको.” आणि निघून गेली. ताट तसंच राहिलं.

हौसाबाईनं हे आमच्या पायरीवर बसून सांगितलं. “पोरगी रिकाम्या पदरानं गेली गं, आक्का.” संपादक आत टेबलाशी होते. त्यांना ऐकू गेलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि न जेवल्याचं कुणाला कळवलंही नाही.

त्यानंतर, ती बदलीच्या गावी जायच्या आधी, एकदा रस्त्यात त्यांना दिसली. त्यांनी हात जोडले. तिनं पाहिलं, स्कूटी चालू केली आणि गेली. घरी येऊन मला म्हणाले, “बरोबर आहे तिचं.” बरोबरच होतं.

आता ती पार पश्चिमेला आहे, आहुप्याच्या अंगाला, देवराईच्या बाजूला. तिथं एस.टी. जाते, पण हौसाबाईच्या गुडघ्यांना तो घाट झेपायचा नाही, आणि मोपेडवर तिला बसवायचं म्हणजे मोपेडच झोपेल. हौसाबाई ठरवूनच बसलीय की जायचं. लेकराला बघायचं आणि त्या पोरीला सांगायचं, घ्यायचं तर घे, नको तर नको, मी फक्त बघायला आले. संपादक म्हणतात, मी येतो, पण फाटकाबाहेर थांबतो. मी म्हटलं, हेल्मेट घरी ठेवून या. हो म्हणालेत. बघू.

म्हणून तुला एवढं सगळं सांगितलं. तुझी गाडी आहे, आणि अवसरीहून बेल्हे काही परदेशात नाही. सुट्टीच्या दिवशी लवकर निघ, इथं ये, आम्हा तिघांना घे. ती दार उघडेल की नाही, मला सांगता येत नाही. नाही उघडलं तर धुकं बघू, हौसाबाईच्या दशम्या खाऊ आणि परत येऊ. पण म्हातारीनं तांदूळ निवडून ठेवलेत, रोज उन्हात घालते आणि रोज परत भरून ठेवते. मला बघवत नाही गं. तेव्हा उगाच लांबवू नकोस. ये लवकर.